फुलीचा दगड

बारा काठ्या म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव फूट.

मिस आयडाच्या खणात अजून पेपरमिंटच्या गोळ्या आहेत. ती जाऊन दोन वर्षं झाली. कुणी खात नाही, कुणी फेकतही नाही.

मला सर्दी झालेली नव्हती.

वाचणाऱ्याकडे बघायचं नाही.

—हे शेवटचं मिस आयडानेच शिकवलं. काउंटीच्या नोंदणी कचेरीत खरेदीखत वहीत उतरवलं, की दोघांनी ताडून पाहायचं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने वहीत बोट फिरवायचं. मग समासात दोघांची आद्याक्षरं. “बोट ओळीवर, डोळे बोटावर,” ती म्हणायची. “मान वर केलीस की ओळ गेली, व्हेस्टा. आणि ओळ गेली की कुणाची तरी जमीन गेली.”

तो पहिल्यांदा आला तो चुकून. बाहेर धुकं होतं, आणि त्याला शेरिफची कचेरी हवी होती.

“शेरिफ वरच्या मजल्यावर,” मी म्हटलं. “इथे फक्त मेलेल्यांची कागदपत्रं.”

“मग बरोबर आलो,” तो म्हणाला, आणि चिखलाच्या बुटांसकट उभाच राहिला.

थेरन स्टिडम, मोजणीदार. त्यानंतर चार गुरुवार तो एकच वही मागत राहिला... एक्केचाळीस नंबरची. दर वेळी कागदात गुंडाळलेलं, काकवी लावलेलं एक बिस्किट टेबलावर ठेवायचा.

“लाच?” मी विचारलं.

“भाडं. तुमच्या खुर्चीचं.”

“खुर्ची सरकारची आहे.”

“मग बिस्किट सरकारला द्या.”

मी खाल्लं. सरकारला कळलं नाही.

पाचव्या गुरुवारी मात्र तो हसला नाही. त्याच्या आजोबांच्या टेकडीची हद्द जुळत नव्हती. खरेदीखतातल्या खुणांवरून चालत गेलं की शेवटी निघालो त्याच झाडाशी पोचायला हवं. तो पोचत नव्हता... बारा काठ्या कमी. मूळ कागद पुरात गेला होता. आमच्या वहीतल्या नकलेप्रमाणे टेकडीचा माथा शेजारच्या जमिनीत जात होता. आणि शेजारची जमीन कोळशाच्या कंपनीने घेतली होती.

“सोमवारी नऊला यंत्रं चढणार,” तो म्हणाला. “माथ्याखाली थडगी आहेत. माझी आई तिथे आहे.”

मी त्याला तळघरात नेलं. मी वहीतून वाचणार, तो ऐकेल तसं टिपून घेणार. पानाच्या समासात तारीख होती, ६ मार्च १९१९, आणि खाली आद्याक्षरं: मिस आयडाची आ. ने., आणि जे. फ्यू.

“जे. फ्यू. कोण?”

“जेसप फ्युगेट. मिस आयडाला वाचून दाखवायचा. त्याच्यानंतर तिने कुणाचाच विचार केला नाही.”

मी वाचू लागले. बीचचं झाड. ओढा. तिथून कुंपणाच्या कडेने पूर्वेला, तीस काठ्या... मी श्वास घेतला. पुढची ओळही तशीच सुरू होत होती: तिथून कुंपणाच्या कडेने...

पेपरमिंटचा वास आला. तळघरात.

मी शेवटपर्यंत वाचलं. थेरनची पेन्सिल थांबली, आणि त्याचा चेहरा उजळला. “जुळली! व्हेस्टा, हद्द जुळली!”

त्याच्या टिपणात एक जास्तीची ओळ होती: ‘तिथून कुंपणाच्या कडेने उत्तरेला, बारा काठ्या, थडग्यांच्या वर, फुलीच्या दगडापर्यंत.’

“हे कुठून आलं?”

“तुम्हीच वाचलंत.”

“मी नाही वाचलं.”

“वाचलंत की... तेवढ्या ओळीला आवाज जाड झाला होता. मला वाटलं, सर्दी.”

आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. जिना चढताना त्याने माझा हात धरला, की मी त्याचा—हे अजून ठरलेलं नाही.

शनिवारी टेकडीवर मोजणीच्या साखळीचं एक टोक मी धरलं. धुक्यात तो दिसत नव्हता, फक्त साखळी ओढली जात होती.

“व्हेस्टा, ताण!”

“ताणतेय! तूच आहेस ना पलीकडे?”

साखळीला हिसका बसला. मग, “असलं विचारू नकोस गं...”

बाराव्या काठीला पानं बाजूला केली. दगड. त्यावर छिन्नीने कोरलेली फुली, शेवाळाने भरलेली. थडगी सगळी खाली, हद्दीच्या आत. थेरन आईच्या दगडाशी बराच वेळ बसला.

सोमवारी आठला त्याने शपथेवरची नवी मोजणी आणली. मी ती टाइप केली. मग तो वाचू लागला, मी बोट फिरवू लागले.

“तिथून ओढ्याच्या कडेने खाली... तिथून व्हेस्टा गेहार्टच्या दारापर्यंत, साडेतीन मैल, रोज संध्याकाळी, ती हो म्हणेपर्यंत...”

“हे कागदात नाही.”

“तुला कसं कळलं? डोळे तर बोटावर हवेत.”

मान वर झालीच होती. बोट कुठे होतं, देव जाणे.

“पुन्हा वाच,” मी म्हटलं. “पहिल्यापासून. आणि त्या ओळीला... हो.”

आठ पन्नासला शिक्का मारला. कंपनीच्या माणसाने पान दोनदा वाचलं, आणि हद्दीचे झेंडे बारा काठ्या मागे घ्यायला सांगितले.

समासात आमची आद्याक्षरं घालताना मला ६ मार्च १९१९चा तो समास आठवला, आणि मिस आयडा डोळ्यांसमोर आली. इतकी काटेकोर बाई. तिची ती एकच ओळ सुटली कशी, हे मला तेव्हा कळलं. तिनेही मान वर केली असणार. वाचणाऱ्याकडे.

शनिवारी टेकडीवरच्या एका थडग्यावर मी वाचलं होतं: जेसप फ्युगेट, मृत्यू २१ ऑक्टोबर १९१८.