दुसऱ्या डेकवरच्या टोप्या

"नववा डेक!" भोंगा ओरडला. "शेजारी पोहायचा तलाव, समोर आइस्क्रीम! माणसाला आणखी काय लागतं?"

"सातवा," प्रोफेसरने चष्मा सावरला. "नवव्यावर दिवसभर डोक्यावर धावपळ चालणार."

"जिथून जीवरक्षक होड्या जवळ असतील तो," मुंगी हळूच म्हणाली.

"झालं! जहाज अजून बंदरातून हललं नाही आणि ही होडीत जाऊन बसली!"

तिकीट काढून देणाऱ्या बाईंच्या टेबलावर जहाजाचा भलामोठा नकाशा पसरला होता आणि त्यावर तीन डोकी वाकली होती. दहा वर्षांच्या भोंग्याचं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. मुंगी त्याची बारा वर्षांची बहीण. अंगाने एवढीशी, त्यात भित्री. लिफ्टमध्ये शिरतानाही ती आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. प्रोफेसर त्यांचा मावसभाऊ, वय तेरा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवरचा मजकूर वाचायची त्याला खोड.

निकाल मात्र लागला मावशीमुळे. तिला झोपाळ्यावरसुद्धा मळमळायचं. बाईंनी दुसऱ्या डेकच्या मधोमध बोट ठेवलं. "इथं घ्या. जहाज कितीही डोललं तरी इथं सगळ्यात कमी जाणवतं."

प्रोफेसरने पेन्सिल मधोमध धरून डोलवून पाहिली. "बरोबर आहे आई! टोकं हलतात, मधला भाग जागच्या जागी."

"ठरलं तर!" मावशी म्हणाली. "दुसरा डेक!"

"तिथं खिडकी असते?" मुंगीने विचारलं.

"नाही बाळ. तिथं बाहेर पाणी असतं."

मुंगीने नकाशावर दुसऱ्या डेकपासून होड्यांपर्यंतचे जिने मोजले.

जहाजावर पाऊल टाकल्यावरही ती आधी तेच जिने शोधू लागली. दुसरा डेक म्हणजे एक लांबलचक, अरुंद बोळ. दोन्ही बाजूंना सारखीच दारं, पायाखाली जाड गालिचा, कुठूनतरी येणारी घरघर. मावशी आणि प्रोफेसर एका खोलीत, सोबत आलेले आजोबा आणि बहीणभाऊ शेजारच्या खोलीत. आजोबांनी पलंग दाबून पाहिला आणि "झकास!" म्हणाले.

मुंगीने मात्र खोलीपासून जिन्यापर्यंतची दारं मोजली. अकरा. परत येताना वर मान करून मोजली आणि थबकली.

"छताला आंघोळीची टोपी का घातलीय?"

खरंच की! छतावरच्या गोल पांढऱ्या डबीवर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवलेली होती. न्हाणीघरात केस भिजू नयेत म्हणून ठेवतात तीच! थोड्या अंतरावर दुसरी. मग तिसरी.

"छताला सर्दी झाली असेल!" भोंगा खिदळला.

प्रोफेसर हसला नाही. "ही धूर ओळखणारी यंत्रं आहेत. टोपी घातली की नाक दाबल्यासारखंच. यांना काही कळायचं नाही."

बोळाच्या टोकाला लाँड्री होती. तिचं जाडजूड लोखंडी दार लाकडाची पाचर मारून सताड उघडं ठेवलेलं, आणि चादरींच्या गाड्या आतबाहेर चाललेल्या. दारावरचा मजकूर प्रोफेसरने मोठ्याने वाचला, "आगरोधक दार. अडवून ठेवू नये."

"वाचता येतं का? शाब्बास!" मागून आवाज आला. लाँड्रीप्रमुख! दंडावर टॉवेलांचा ढीग, कपाळावर घाम. "आता वर जाऊन खेळा."

"काका, त्या टोप्या..." मुंगीने छताकडे बोट दाखवलं.

"वाफेने ती यंत्रं उगाच बोंबलतात. मग प्रवासी माझ्या नावाने बोंबलतात. मी वीस वर्षं जहाजावर आहे, समजलं? आणि तक्रार करत फिरलात, तर तुमच्या घरच्यांना सांगेन की टोप्या तुम्हीच लावल्यात!"

तरीही ते पाचव्या डेकवरच्या चौकशीच्या बाईंकडे गेले. बाई फोनवर होत्या. "छताला टोप्या? छान गोष्ट आहे हं! नंतर सांगा." मावशीने तर झिडकारलंच. "आल्या आल्या लोकांच्या कामात नाक खुपसू नका!"

"पुरावा हवा," प्रोफेसर म्हणाला. "उद्या दुपारी नवव्या डेकवर जादूचे प्रयोग आहेत. सगळे वर जातील. लाँड्रीवालेही चहाला जातात. तेव्हा फोटो काढू आणि थेट कप्तानांना दाखवू!"

दुसऱ्या दिवशी जादूगाराने पहिला रुमाल काढला आणि तिघं गुपचूप सटकले. मावशीचं लक्ष नव्हतं. आजोबा खोलीत झोपले होते, कानातलं यंत्र काढून ठेवून.

जिना उतरता उतरताच मुंगी थांबली. "कसला वास येतोय?"

कापडावर इस्त्री विसरावी तसा!

बोळात चिटपाखरू नव्हतं. लाँड्रीच्या उघड्या दारातून करडा धूर छताला धरून सरपटत येत होता. सावकाश, आपल्याला कसलीच घाई नसल्यासारखा. छतावरच्या टोप्या धुरात बुडत होत्या आणि कुठेही काहीही वाजत नव्हतं! ती शांतताच सगळ्यात भयंकर होती.

मुंगीचे पाय गालिच्याला खिळले. पळ! वर पळ! सगळं अंग ओरडत होतं. पण समोर, अकरा दारांपलीकडे आजोबा झोपले होते.

"लाल पेटीतलं घंटेचं बटण दाबू!" भोंगा म्हणाला.

"ती धुराच्या पलीकडे आहे," प्रोफेसरने वर पाहिलं. "टोपी काढायला हवी. मुंगे, तू हलकी आहेस. चढ माझ्या खांद्यावर!"

"मी?"

"मला तुझ्या खांद्यावर चढता येणार नाही ना!"

सगळ्यात जवळच्या टोपीपाशी धूर अजून विरळ होता. मुंगीने श्वास कोंडला. प्रोफेसरच्या खांद्यांवर उभी राहून तिने हात उंचावला. टोपी निसटली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा तिने नखं रुतवली आणि टर्रकन ओढली!

एक क्षण काहीच झालं नाही. मग सगळं जहाज किंचाळल्यासारखी घंटा सुरू झाली.

"दार!" मुंगी खाली उतरत खोकली. "घंटा वाजली की ती दारं आपोआप बंद होतात ना?"

"पाचर आहे तिथं!"

कोण जाणार? मुंगीने उत्तराची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर तिचं धाडसच झालं नसतं. ती पोटावर पडली आणि गालिच्याला नाक लावून सरपटत निघाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाँड्रीच्या आत काहीतरी नारिंगी फडफडत होतं. पाचर हाताने हलेना. मग तिने वळून दोन्ही पायांनी लाथ मारली. एक! दोन! पाचर उडाली आणि ते अजस्र दार धाडकन लागलं. धूर पलीकडे राहिला.

तोवर भोंग्याने बोळातलं दार न् दार बडवत आपला गळा मोकळा सोडला होता. "आग! बाहेर या! आग!" दोन खोल्यांतून माणसं डोळे चोळत बाहेर आली. आजोबांच्या खोलीतून मात्र कोणी येईना. मुंगीने कुलपाला कार्ड लावलं. चुकलं. हात इतका थरथरत होता की कुठे तिसऱ्या वेळी दार उघडलं. तिने आजोबांना गदागदा हलवलं. बोलण्यात वेळ न घालवता नुसतं दाराकडे बोट दाखवलं, आणि नातीचा चेहरा पाहून ते चपलाही न घालता उठले.

जिन्यावर त्यांना नळ्या घेऊन धावत येणारे खलाशी भेटले.

अर्ध्या तासात आग विझली. कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत साठलेल्या कापडाच्या भुग्याने पेट घेतला होता. दार लागलं होतं म्हणून आग त्या एका खोलीतच राहिली.

संध्याकाळी कप्तानबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. उंच, करड्या केसांच्या बाई. लाँड्रीप्रमुख कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. तो बंदरात उतरणार होता, चौकशीसाठी.

"पोरांनो," तो पुटपुटला, "वाचता तुम्हाला येत होतं. मला नाही."

"आणि मी यांना गप्प बसवलं," मावशी म्हणाली. तिने तिघांनाही एकदम इतकं घट्ट धरलं की प्रोफेसरचा चष्मा वाकडा झाला. आजोबा मुंगीच्या डोक्यावरचा हात काढायलाच तयार नव्हते.

कप्तानबाई मुंगीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "तीन अधिकारी रोज त्या बोळातून जातात. कुणाचीही मान वर गेली नाही. तुझी गेली. तुमच्यामुळे आज मला कुणाच्याही घरी वाईट बातमी कळवावी लागली नाही."

"पण मी खूप घाबरले होते," मुंगी म्हणाली. "अजूनही घाबरलेय."

 कप्तानबाईंनी आपला उजवा हात तिच्यासमोर उघडला. चार सोनेरी पट्ट्यांच्या बाहीतून निघालेली ती लांब बोटं मुंगीच्या बोटांसारखीच थरथरत होती.