सत्काराची शाल

बाबांचा बुलबुलतरंग काखोटीला मारून रुही गिटार दुरुस्तीच्या दुकानात शिरली, तेव्हा बाहेर ओहायोचा मार्चमधला पाऊस होता. पाणी म्हणून पडावं की बर्फ म्हणून, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं. तिच्या केसांतलं पाणी थेट काउंटरवर टपकत होतं. म्हातारा दुकानदार त्या पेटीकडे पाहून चक्रावला. वर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा!

"हे आहे तरी काय?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"ते... माझ्या बाबांचं..." रुही लाजेनं लाल झाली. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला घरच्या वस्तू समजावून सांगायची लाज वाटते, आणि मग लाज वाटली याचीच लाज वाटत राहते.

"बुलबुलतरंग," कोपऱ्यातून आवाज आला. मांडीवर गिटार घेऊन एक उंच, सावळा मुलगा स्टुलावर बसला होता. पेटीच्या झाकणावरचा बाबासाहेबांचा निळा स्टिकर पाहून तो हसला. "जय भीम! द्या इकडे. आमच्या नागपूरला भीमगीतांच्या गायन पार्टीत असतो हा. गिटारची पातळ तार बसेल याला."

"जय भीम... तुम्ही मराठी आहात?"

"सगळे असंच दचकतात. कपाळावर लिहून घेऊ का?"

रुहीला हसू आवरेना. मुलाचं नाव बुद्धभूषण. नागपूरहून पीएच.डी.साठी आलेला आणि लॅबपेक्षा या दुकानातच जास्त सापडणारा. दर शनिवारी सकाळी मागच्या खोलीत ब्लूग्रास, म्हणजे गिटार-बँजोवरचं इथलं वेगवान लोकसंगीत, वाजवणारी मंडळी जमत. त्यात कुणी ट्रक चालवणारं, कुणी नर्स, कुणी निवृत्त मास्तर. सगळे त्याला 'बड' म्हणत.

"तार बसेपर्यंत थांबा ना," तो म्हणाला. "ऐकून तर बघा."

ती थांबली. पुढच्या शनिवारी तर तार तुटलेली नसतानाही आली.

तिथला रिवाज साधा होता. गोल करून बसायचं आणि सगळ्यांनी गाणं धरायचं. मग म्होरक्या ज्याच्याकडे पाहून मान डोलावेल, त्यानं एकट्यानं वाजवायचं किंवा गायचं. नको असेल तर नुसती नकाराची मान हलवायची. पाळी पुढे जाते, कुणी रागावत नाही. बुद्धभूषण म्होरक्या असला की मुद्दाम रुहीकडे पाहून मान डोलवायचा.

"मला काही येत नाही," ती पुटपुटायची.

"गाता तरी येत असेल?"

"फक्त बाथरूममध्ये."

"मग पुढची जॅमची बैठक तुझ्या बाथरूममध्ये ठेवू या. बँजोवाल्याला टबात बसवू."

"गप रे... सगळे बघतायत!"

त्याच्या उजव्या हाताची बोटं तारांवर अशी धावायची की ती ठेका धरायचं विसरायची. आणि मग तो वर बघायचा — फक्त तिच्याकडे. उन्हाळ्यात एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, जत्रेत तो गिटारच्या स्पर्धेत पहिला आला, तेव्हा मक्याच्या कणसाचं लोणी लागलेल्या हातांनीच तिनं त्याला मिठी मारली. त्यानंतर कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

हिवाळ्यात नॅशव्हिलच्या एका छोट्या कंपनीनं त्याला अल्बम रेकॉर्ड करायला बोलावलं. त्यानं मास्टर्सवर थांबून पीएच.डी. सोडली. ही बातमी त्यानं सगळ्यांत आधी रुहीला सांगितली. ती आनंदानं रडली. त्याच संध्याकाळी घरी बाबांनी सहज विचारलं, "तो तुझा मित्र काय करतो गं?"

"पीएच.डी. करतोय, बाबा," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं. परत घ्यायला वेळ होता, पण तिनं घेतलं नाही.

कारण बाबांचा, शंकररावांचा चेहरा! वस्तीतून इंजिनिअर झालेला घरातला पहिला माणूस. तरुणपणी गायन पार्टीत हाच बुलबुलतरंग वाजवून त्यांनी फीचे पैसे उभे केले होते; पण इथं ओहायोतल्या डब्लिनमध्ये ती पेटी चारचौघांत कधी निघाली नाही. शिक्षणाबद्दल मात्र ते छाती ठोकून बोलत. नागपूरचा मुलगा डॉक्टरेट करतोय हे कळल्यावर त्यांना गगन ठेंगणं झालं, आणि ते त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं.

एप्रिल आला. आपल्याकडे भीमजयंती चौदा एप्रिलला असते. इथं हॉल मिळेल त्या शनिवारी. बुद्धभूषणही आला होता. तो निवांत मागच्या रांगेत बसला होता, आणि माइकवर शंकरराव म्हणाले, "आता उद्याचे डॉक्टर, बुद्धभूषण यांचा सत्कार!"

टाळ्या वाजल्या. बुद्धभूषण गोंधळून उठला, मंचापर्यंत गेला आणि थांबला. त्यानं पहिल्या रांगेत बसलेल्या रुहीकडे पाहिलं... आणि हळूच मान डोलावली. तोच शनिवारचा इशारा. बोल, आता तुझी पाळी.

सगळ्या काकू बघत होत्या. बाबा बघत होते. रुहीनं नकाराची मान हलवली.

त्याच्या खांद्यावर शाल पडली. आयुष्यात कुणाच्या खांद्यावरची शाल तिला इतकी जड वाटली नव्हती.

पार्किंगमध्ये तिनं त्याला गाठलं, तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता. त्याचे कानही लाल झाले होते.

"इशारा पाहिलास ना?"

"पाहिला."

"मीही गप्प बसायला नको होतं. म्हटलं, रुही बोलेल." त्यानं शालीची नीट घडी घातली. "मी तुला आवडतो, माहितेय मला. पण गिटारवाला मी... लोकांसमोर नको असतो तुला."

"असं नाहीये —"

"मग कसं आहे?"

तिला स्वतःची इतकी किळस वाटली की मान वर करवेना. त्यानं शाल तिच्या हातात ठेवली. "आईला कळलं ना, की शिक्षण सोडून वर शाल घेतली, तर फोनमधून झोडपेल यार. सकाळी नॅशव्हिलला निघतोय. ये असं म्हणणार होतो..." वाक्य अर्धवट टाकून तो गाडीत जाऊन बसला.

"आभारप्रदर्शन, रुही!" आतून सूत्रसंचालन करणाऱ्या अपर्णामावशींनी माइकवरून पुकारलं.

आभारप्रदर्शन कोण ऐकतं? सावजी चिकनच्या ट्रेवरचं फॉइल निघालं होतं आणि निम्मा हॉल रांगेत होता. रुही छातीशी शाल धरून माइकपुढे उभी राहिली.

"हॉलवाल्यांचे आभार. स्वयंपाक केलेल्या काकूंचे आभार. आणि... बुद्धभूषण पीएच.डी. करत नाही. त्यानं ती सोडली. तो गिटार वाजवतो आणि त्याचा पहिला अल्बम रेकॉर्ड होतोय. बाबांना मी खोटं सांगितलं. त्यांची काही चूक नाही. मला त्याची लाज वाटली. माझं त्याच्यावर प्रेम आहे, तरी वाटली. आता... माझीच वाटतेय."

रांग जागच्या जागी थांबली. "वेट, गिटारिस्ट आहे तो?" अपर्णामावशींची मुलगी ज्ञानदा तेवढी मोठ्यानं म्हणाली, "सो कूल!" मावशींनी तिला चिमटा काढला.

शंकरराव मंचावर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "या माइकवर मी आजवर खोटं बोललो नव्हतो," ते एवढंच म्हणाले. त्यांनी तिच्या हातातून शाल घेतली आणि सरळ बाहेर पडले. रुही रडत मागे धावली.

गाडीचे वायपर फिरत होते, पण गाडी हलली नव्हती. शंकररावांनी काचेवर टकटक केलं.

"काका, सॉरी. मी तिथंच बोलायला हवं होतं."

"हवंच होतं. दोघांनीही." ते पावसात भिजत उभे राहिले. "पीएच.डी. सोडलीस त्याचा राग आहे मला. तो इतक्यात जाणार नाही."

"हो, काका."

"पण दिलेली शाल मी परत घेत नाही. वाजव, आणि मग घे. गिटार आहे ना गाडीत?"

"बाबा," रुहीनं डोळे पुसत विचारलं, "तुमचा बुलबुलतरंग घरून आणू?"

"एका दिवशी एकाचीच लाज निघू दे," ते म्हणाले.

ताटं हातात घेऊन सगळे बसले. बुद्धभूषणनं लहानपणापासून सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या एका भीमगीताची चाल गिटारवर उचलली. ती आधी सावकाश चालली, मग ब्लूग्रासच्या वेगानं अशी सुटली की काकूंची बोटं ताटावर ठेका धरू लागली. कडवं संपलं. त्यानं वर पाहिलं, भरल्या हॉलसमोर रुहीकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

नकाराची मान हलवली असती तर पाळी पुढे गेली असती. कुणी रागावलं नसतं. रुही उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि गायला लागली.

सूर पहिल्याच ओळीत घसरला. दुसऱ्या ओळीत तो पार दुसऱ्या काउंटीत गेला. अपर्णामावशींनी डोळे मिटून घेतले. बुद्धभूषण मात्र तिच्या सुरामागे धावत, हसत वाजवत राहिला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "येशील नॅशव्हिलला?"

तिनं गाता गाताच मान डोलावली.

खाली शंकररावांची बोटं टेबलावर नसलेली बटणं दाबत होती. शेजारच्या पाहुण्यानं वाकून विचारलं, "ही बेसूर पोरगी कोण हो?"

"माझी," शंकरराव मोठ्यानं म्हणाले. "आणि गिटारवालासुद्धा आमचाच."