मोकाश्यांच्या शब्दावर

इथे सिंगापुरात मराठी कानावर पडलं की माझ्या नवऱ्याला राहवत नाही. हॉकर सेंटरमधली जेवणाची रांग असो की एमआरटी मेट्रोचा डबा, प्रबोध समोरच्याचं गाव-आडनाव विचारणार आणि न विचारता स्वतःचं सगळं सांगून मोकळा होणार. 'पासपोर्टचा नंबर तेवढा राहिला,' असं मी चिडवायची. आता चिडवत नाही. का, ते सांगते. जरा जवळ बसा, आमची लेक मैत्रेयी आत झोपली आहे.

२००६ साल. साताऱ्याकडच्या कुसगणीत माझ्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं होतं. सगळा जीव थोरल्या मुलात, म्हणजे प्रबोधमध्ये अडकलेला. माझी नणंद नीलिमा फोनवर म्हणाली, "वहिनी, दादाला बघितल्याशिवाय बाबा डोळे मिटायचे नाहीत." शनिवारी रात्रीचं त्याचं एकट्याचं तिकीट मिळालं. बॅग भरून झाली आणि दुपार अंगावर आली. मैत्रेयीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी जुन्या कॅथेड्रलचे फोटो हवे होते. घरी घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून आम्ही तिघं सिटी हॉल स्टेशनला उतरलो.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत मात्र गार, शांत, उंचच उंच पांढऱ्या भिंती. माहिती सांगणाऱ्या एक वयस्कर तमिळ बाई होत्या. हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी हे बांधलं, त्या म्हणाल्या. भिंतींच्या चुन्यात म्हणे अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि नारळाच्या सोडणांचं पाणी घालत. "अंडं सोडलं तर मोदकाचंच सामान," मी प्रबोधच्या कानात म्हटलं. कितीतरी दिवसांनी तो हसला, म्हणून मलाही बरं वाटलं.

बाजूच्या खांबांच्या अंधाऱ्या ओळीमागे शिरलो आणि वास आला. ताज्या कळीच्या चुन्याचा, आणि त्यात काहीतरी गोड कढत असल्यासारखा. पाठोपाठ आवाज. घस्... घस्... एक म्हातारा खांबाशी उकिडवा बसून गुळगुळीत दगडाने गिलावा घोटत होता. डोक्याचं फडकं पार भुवयांपर्यंत बांधलेलं. डागडुजीचा कामगार असेल, असं मला वाटलं.

मान न वळवता तो म्हणाला, "कंच्या गावचं म्हनायचं तुमी?"

झालं. प्रबोधचा चेहरा उजळला. "कुसगणी, आजोबा. आम्ही मोकाशी."

दगड थांबला.

"कुसगणीचं मोकाशी," म्हातारा एकेक अक्षर चाखत बोलला. "त्यांच्या शब्दावरच म्या हितं आलो."

प्रबोधला वाटलं, आपल्या कुणा पूर्वजाने याच्या घरच्यांना नोकरीला लावून दिलं असणार. "आमच्या घराण्याने पुष्कळांचं भलं केलंय," तो कौतुकाने म्हणाला. मला मात्र म्हाताऱ्याचा तो सूर आवडला नाही. मी त्याची बाही ओढली.

"गावाकडं कधी गेलात का परत?" प्रबोधने विचारलं.

"न्हाई. आय दारात बसूनच गेली... वाट बगत."

"माझे वडीलही वाट बघतायत. आज रात्री निघतोय."

तेव्हा म्हाताऱ्याने फडकं मागे सारत वर पाहिलं. मी बाजूला होते, मला फक्त प्रबोध दिसत होता. संस्कारी बाळ ते, चटकन वाकून त्याने म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला. म्हाताऱ्याने दोन्ही पंजे त्याच्या पाठीवर ठेवले, आणि बराच वेळ ठेवूनच दिले.

"आता हितंच ऱ्हा," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मैत्रेयी तिच्या सिंगापुरी बोलीत म्हणाली, "मम्मी, दॅट अंकलच्या कपाळावर रायटिंग होतं. पेनचं नाही लाह, स्किनच्या आत."

मी तशीच त्या बाईंकडे परत गेले. आज डागडुजी नाही, त्या म्हणाल्या, कामगारही नाहीत. कपाळाचं विचारल्यावर त्यांनी आवाज उतरवला. जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदत असत, पण त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. मोकाश्यांचा शब्द म्हणजे शिफारस नव्हे. साक्ष. कुणा मोकाश्याने खोटी साक्ष देऊन या माणसाला इथे धाडलं होतं.

प्रबोधला मी काही सांगितलं नाही. आधी वडिलांकडे पोचू दे, म्हटलं.

चांगी विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या पिवळ्या रेषेपाशी तो थांबला. मागचे लोक पुढे गेले. मी काचेबाहेरून हात करत होते, आणि तो नुसता आपल्या पावलांकडे बघत होता. अधिकारी आले, त्यांनी दंडाला धरून ओढलं. दोघा धडधाकट माणसांनाही तो हलेना. विमान गेलं तेव्हा पाय सुटले, आणि माझा नवरा तिथेच लहान मुलासारखा रडला. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला आणि रागाहून जास्त भीती वाटली.

रात्रभर गावचा फोन लागला नाही. रविवारी दुपारी तो आपणहून वाजला. नीलिमा होती.

"वहिनी, दादा पोचला गं."

मी आत पाहिलं. पलंगावर प्रबोध भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"कोण... पोचला?"

"दादा. सामान नाही, काही नाही, चालतच आला. बाबांनी त्याला बघितलं आणि... हा नाही, हा नाही, असं ओरडतच गेले गं." ती रडू लागली. मग सावरून एकदम हळू बोलली. "वहिनी, दादाला काय झालंय? भुवयांपर्यंत फडकं बांधून ओसरीवर बसलाय. रडत नाही, बाबांजवळ जात नाही. सारखं एकच विचारतोय... मोकाश्यांच्या घरातलं आता आणखी कोण कोण उरलंय म्हणून."