ताईच्या गावातले दिवे

“बाबा, आई काल पुन्हा येऊन गेली.”

भिंगरीने हे इतक्या सहजपणे सांगितलं, की बाबांच्या हातातला घास हातातच राहिला आणि वाढायला उभ्या असलेल्या मावशीच्या काळजात धस्स झालं! भिंगरी मात्र मान खाली घालून जेवतच होती.

“सगळे दिवे लागलेले होते. फाटकापासून विहिरीपर्यंत. मी तर दोन दिवस तेल घातलंच नव्हतं. आणि बागेला पाणीसुद्धा घातलेलं होतं.”

बाबांनी पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासणारा हा माणूस घरात मात्र हल्ली कुणाच्या नजरेला नजर देत नसे. ते हळूच म्हणाले, “मीही ऐकलंय, भिंगरे. परवा दुपारी मी मधेच घरी आलो होतो. आतल्या खोलीतून कॉम्प्युटरच्या बटणांचा आवाज येत होता... तीच लय, तोच हात. माझं दार उघडायचं धाडसच झालं नाही. आल्या पावली परत गेलो.”

मावशीच्या हातातला चमचा भांड्यावर आपटला. कारण परवा दुपारी त्या खोलीत ती स्वतः बसली होती!

नात्याने ती भिंगरीची सख्खी मावशी आणि लग्नाने सावत्र आई. ताईने, भिंगरीच्या आईने, मरता मरता तिचा हात धरून “माझ्या लेकीला सांभाळ” म्हटलं, आणि दुसऱ्या गावातली चांगली शिक्षिकेची नोकरी, स्वतःचं छोटंसं घर, मनात घोळणारी सगळी स्वप्नं गुंडाळून ठेवून ती या घरात आली. तिला वाटलं होतं, आईवेगळं लेकरू गळ्यात पडून रडेल. भिंगरी रडली नाही. तिने फक्त आईची खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली आणि म्हणाली, “इथे कुणी बसायचं नाही.”

त्या खुर्चीसमोर ताईचा कॉम्प्युटर होता. ताई एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. एकेक सुटा भाग जमवून तिने तो स्वतः जोडला होता आणि त्यावर मायलेकींनी मिळून एका खेळात एक गाव वसवलं होतं. घर, बाग, विहीर, वाटेवरचे दिवे... खेळाचा नियमच असा, की दिव्यांना रोज तेल घालायचं आणि बागेला पाणी. चुकलं की गाव अंधारत जातं, गवत माजतं आणि शेवटी घराची दारं मिटतात ती कायमची.

“ते गाव विझू देऊ नकोस गं,” दवाखान्यात ताईने तिच्या कानात सांगितलं होतं. “भिंगरीला एकटीला झेपायचं नाही. तिला कळूही देऊ नकोस. माझा पासवर्ड सांगते...” आणि मग जीव थकेपर्यंत ताई त्या यंत्राबद्दलच बोलत राहिली होती, दूरच्या प्रवासाला निघालेली बाई शेजारणीला कुंड्या सोपवते तशी.

म्हणून भिंगरी कॉलेजला गेली की मावशी त्या खोलीत शिरायची. ताईच्या खुर्चीत बसायची. पडद्यावर ताईची बाहुली यायची, हिरव्या झग्यातली, आणि मावशीच्या बोटांनी चालू लागायची. तेल, पाणी, फाटकाची कडी... पहिल्यापहिल्यांदा बटणं शोधावी लागायची. पण मधेच थांबलं की ती बाहुली सावकाश वळून पडद्याबाहेर बघायची, थेट मावशीकडे! तो खेळातला नुसता ठरलेला प्रकार आहे, हे मावशीला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा यायचा आणि ती पुटपुटायची, “करते गं ताई, करते.” हळूहळू तिची बोटंसुद्धा ताईसारखी पडू लागली होती, आणि हे तिला आज, बाबांच्या तोंडूनच कळलं.

घरात तिने सोंग वठवलं होतं ते अडाण्याचं. “हे सुरू कुठून होतं गं?” असं ती मुद्दाम विचारायची आणि भिंगरी कपाळाला हात लावायची. लावू दे! दिवे दिसले की पोर दोन घास जास्त जेवते, यातच मावशीचं अंतःकरण भरून येई.

पण यंत्र थकलं होतं. पंखा घरघरायचा, पडदा मधेच काळा पडायचा. गावाची दुसरीकडे नक्कल करून ठेवायला बसावं, तर अर्ध्यावरच सगळं बंद. शेवटी बाबा म्हणाले, “नवा जोड. तुझ्या आईने जोडला तसा. फक्त ती हार्डडिस्क जुनी राहू दे, गाव तिच्यातच आहे.”

भाग निवडायला भिंगरी निघाली तेव्हा बाबांनी मावशीलाही बरोबर धाडलं. दुकान लांबोडकं आणि गार होतं. भिंतीला लावलेल्या खोक्यांवर निळे-जांभळे दिवे उघडझाप करत होते. भिंगरी भराभर बोलत होती. प्रोसेसर हा, त्याला चालेल असा मदरबोर्ड तो, रॅमची जोडी, आणि हे तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड.

“छान निवड आहे,” दुकानदार म्हणाला. “कॅबिनेट कुठलं देऊ?”

“ते काचेचं, छोटं.”

मावशीला राहवलं नाही. “अगं, त्या कार्डाची लांबी बघ आणि पेटीची बघ. आत मावायचं नाही.”

दुकानदाराने टेप लावून पाहिली. “बाई बरोबर बोलतायत. दोन बोटं कमी पडतील.”

भिंगरीने वळून मावशीकडे असं पाहिलं, की मावशीने जीभ चावली. “शिवणकामाची सवय गं,” ती घाईघाईने म्हणाली, “कापड पुरेल की नाही ते डोळ्यांनाच कळतं...”

दुकानदाराने मोठं कॅबिनेट पुढे केलं. त्याची बाजूची काच काळसर होती. भिंगरी खाली वाकून पाहू लागली आणि एकदम गोठल्यासारखी झाली. काचेत तिच्या खांद्यामागे तिची आई उभी होती! तोच भांग, तीच किंचित कललेली मान...

“आई!” ती किंचाळली आणि मागे वळली. मागे मावशी उभी होती, पांढरीफटक पडलेली.

“तू तिच्यासारखी दिसू नकोस,” भिंगरी कुजबुजली. “मला नको आहेस तू तिच्यासारखी.”

मावशीने फक्त पदर डोक्यावरून ओढून घेतला, म्हणजे भांग तरी झाकला जाईल.

रविवारी दुपारी आतल्या खोलीत जोडणी सुरू झाली. बाबा स्क्रूची वाटी हातात धरून बसले होते. भिंगरीचे हात आईसारखेच नेमके चालत होते. प्रोसेसर अलगद बसला, रॅम टक् करून अडकली, कार्ड आरामात मावलं. मावशी, दुकानातल्यासारखाच डोक्यावर पदर घेऊन, दाराच्या चौकटीशी उभी राहून डोळे भरून पाहत होती आणि मनात म्हणत होती, ताई, बघितलंस का गं तुझं लेकरू!

मग भिंगरीने जुन्या यंत्रातून तारांचा एक जुडगा काढला. ताईने त्या तारांवर स्वतःच्या हाताने लाल दोऱ्याचं विणकाम केलं होतं, लेकीच्या वेण्यांना घालावं तसं. भिंगरीने तो जुडगा गालाला लावला.

“नवा पॉवर सप्लाय असला तरी तारा आईच्याच लावणार मी. तिच्या हातचं काहीतरी आत राहू दे.”

“लाव बाळा,” बाबांनी स्क्रूची वाटी पुढे केली.

तारेचं एक टोक वीज पुरवणाऱ्या नव्या डब्यात, पॉवर सप्लायमध्ये, बसलं. दुसरं जुन्या हार्डडिस्कमध्ये. दोन्ही नीट बसली, जणू एकमेकांसाठीच केलेली! आणि मावशी चौकट सोडून पुढे सरकली. दवाखान्यातले ताईचे शब्द तिच्या कानात वाजू लागले. ‘एका पॉवर सप्लायच्या तारा दुसऱ्याला कधी लावायच्या नाहीत गं. तोंडं सारखी दिसतात, पण आतली मांडणी प्रत्येकाची वेगळी. मी एकदा चुकले. गिऱ्हाइकाच्या बाळाचे सगळे फोटो जळून गेले... आठवडाभर मला जेवण गेलं नाही.’

“भिंगरी, थांब! त्या तारा काढ!”

“का?”

“त्या जुन्याच्या आहेत. बटण दाबलंस तर हार्डडिस्क जळेल.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” बाबाच मधे बोलले. रागाने नव्हे, नवलाने.

“ताईने सांगितलं होतं मला...”

“आई तुला कशाला सांगेल?” भिंगरी उसळून उठली. “तुला साधं सुरू करता येत नाही! तुला आईच्या तारा नको आहेत, हे म्हण ना. तिची खोली नको, तिची खुर्ची नको, तिचं काहीच उरायला नको! आणि काही होणार नाही त्या डिस्कला. आई आहे तिच्यात. ती रोज येते. ती आपलं गाव जळू देईल?”

तिचा हात बटणाकडे गेला.

एका क्षणात मावशीला सगळं दिसलं. गप्प राहिलं तर गाव जळणार. बोललं तर या पोरीची आई दुसऱ्यांदा मरणार, आणि तीही आपल्या तोंडून! देवा, असली निवड वैऱ्यावरही येऊ नये... तिने झेप घेतली आणि भिंतीतली पिन उपटून काढली.

“ती येत नाही गं!” मावशीचा आवाज चिरकला. “मी येते... मी येते, बाळा!”

बाबांच्या हातातल्या वाटीतले स्क्रू खळ्ळकन वाजले.

“खोटं,” भिंगरी म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. “मला ताप आला होता तेव्हा... विहिरीमागे काय लावलं होतं?”

“जांभळी फुलं. सात वाफे. तू तापात जांभळी फुलं, जांभळी फुलं म्हणत होतीस म्हणून.”

भिंगरीच्या तोंडून रडं फुटलं नाही, एक बारीक, चिरडल्यासारखा आवाज फुटला. ती धावत बाहेर गेली आणि पलीकडच्या खोलीची कडी वाजली.

बाबा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. “परवा... तू होतीस,” ते पुटपुटले. “आणि मी तुला एवढ्या दिवसांत साधं विचारलंही नाही, दिवसभर काय करतेस म्हणून.” मावशीने तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी तितक्या हळुवारपणे लाल तारा सोडवल्या, खोक्यातल्या नव्या तारा लावल्या, आणि लाल तारा कॅबिनेटच्या आत, काचेजवळ, नुसत्याच बांधून ठेवल्या. कुठेही न जोडता.

उन्हं उतरल्यावर कडी उघडली. भिंगरी दारात आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

“मला का नाही सांगितलंस? मी तुला इतकं बोलायची...”

“तू दिवे बघून जेवायला बसायचीस गं,” मावशी म्हणाली. “मला आणखी काय पाहिजे होतं?”

त्या वाक्यासरशी बांध फुटला! भिंगरीने येऊन तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्या कुशीत वाहून गेलं. मावशी नुसती केसांवरून हात फिरवत राहिली. बाबांनी ताईची खुर्ची पुढे ओढली आणि मावशीला खांदा धरून तीत बसवलं.

यंत्र सुरू झालं. पंखे एका दमात घुमले, पडदा उजळला, गाव उघडलं. एकूण एक दिवा तेवत होता.

“चल, गावातल्या घरात, वरच्या खोलीत जाऊ,” भिंगरी तिच्या खुर्चीच्या हातावर बसत म्हणाली.

“वर मी कधीच गेले नाही. तुमच्या दोघींची खोली ती. म्हटलं, तेवढी तरी तुमची राहू दे.”

भिंगरीची बाहुली जिना चढली. दार उघडलं. खिडकीत एक दिवा होता आणि भिंतीला लागून तीन पलंग होते.

भिंगरीचा हात थांबला. “तिसरा तू ठेवलास?”

“अगं, मी वर आलेच नाही म्हटलं ना.”

“मी गुरुवारी इथे होते, मावशी. दोनच होते. एक आईचा, एक माझा.”

बाबा मागून वाकून पाहू लागले. नवं यंत्र आपल्याच नादात घुमत होतं आणि तिसऱ्या पलंगावरची चादर एका कोपऱ्यात दुमडलेली होती, कुणीतरी आताच अंथरूण घालून गेल्यासारखी.

“तुझी बाहुली करू,” भिंगरी अगदी हळू म्हणाली. “आईची नको वापरूस आता. तुझी स्वतःची.”

खेळाने नाव विचारलं. भिंगरीने ‘मावशी’ लिहिलं, आणि बटणावर बोट ठेवून थबकली. “नवीन माणूस फाटकाबाहेर उभं असतं. मग चालत आत यायचं. नेहमी तसंच होतं.”

तिने बटण दाबलं.

पडद्यावर फाटक आलं नाही. आली ती खिडकी, तोच दिवा आणि तिसरा पलंग. पलंगावर, गळ्यापर्यंत नीट पांघरूण घातलेली एक नवी बाहुली होती. तिने सावकाश डोळे उघडले.

भिंगरीने मावशीचा दंड घट्ट धरला. मावशीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण भीती मात्र कुठल्या कुठे पळाली होती. तिने डोक्यावरचा पदर खाली सोडला आणि पडद्याकडे बघून, लहानपणी दोघी बहिणी एका अंथरुणात झोपायच्या आणि ताई उठवायची, तेव्हाच्या आवाजात म्हणाली,

“उठले गं, ताई... उठले.”