फाळक्यावरच्या दोन थापा

जागा घ्या की हो, शुभंकर. रिकामीच पडलीय. भाडंबिडं काही नको. समोरच्या घरात पुण्याची माणसं राहायला आली, संध्याकाळी खिडकीतून मराठी ऐकू आलं, तेव्हाच मला बरं वाटलं होतं. फक्त एक अट आहे. गाडी नाकानं आत घालायची. नाल्याकडं पाठ करून, रिव्हर्समध्ये आत शिरायचं नाही. तुमच्या गाडीला मागं कॅमेरा आहे, ठाऊक आहे मला. तरीसुद्धा नाही.

हसताय? हसा. बसा आता, चहा टाकलाय. का ते सांगतो.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. इथं बेंगळुरात, चामराजपेटेत येऊन मला चौतीस वर्षं झाली. मार्केटात मला जयसिंगण्णा म्हणतात. धंदा केळीच्या पानांचा. पहाटे पानांचे भारे उचलायचे आणि बसवनगुडी, जयनगरातल्या लग्नाच्या कार्यालयांना पोचवायचे. त्यासाठी एक पिकअप घेतली होती, तीही दुसऱ्याच्या हातची. ती मी बावीस वर्षं चालवली.

काय गाडी होती म्हणून सांगू! डावीकडचा आरसा नव्हताच, आणि उजवीकडचा होता तो नुसतं आभाळ दाखवायचा. डाव्या दाराची काच खाली घसरायची, म्हणून फटीत स्क्रूड्रायव्हर खोचून ठेवलेला. वायपरची मोटर कधीच मेली होती. पाऊस आला की वायपरला बांधलेली सुतळी एका बाजूनं मी ओढायची, दुसऱ्या बाजूनं बायकोनं. अशी आम्ही दोघं सुतळ्या ओढत जयनगरपर्यंत जायचो आणि सिग्नलला शेजारचे रिक्षावाले पोट धरून हसायचे. बायको त्यांना कन्नडमध्ये अशी झाडायची की हिरवा दिवा लागायच्या आत ते गप्प व्हायचे.

बायकोचं नाव प्रमोदिनी. मी पमा म्हणायचो. ती रोज माझ्याबरोबर असायची, डावीकडच्या सीटवर. पायाखालच्या पत्र्याला भोक पडलं होतं, त्यातून पळता रस्ता दिसायचा. त्यावर पोतं टाकून पाय ठेवून बसायची. गाडीला ती 'धाकटी' म्हणायची. श्वेता आमची मुलगी, ती थोरली, आणि ही धाकटी. इंजिन तापलं की म्हणायची, "अहो, धाकटीला कणकण आहे, स्वल्प सावलीला घ्या." मी रागीट माणूस. मी गाडीला शिव्या द्यायचो आणि ही माझ्यावर डोळे वटारायची.

स्टार्टर रोज दगा द्यायचा. म्हणून ही जागा. बघितलीत ना, नाल्याचा बांध उंच आहे, तिथून गल्लीकडं उतार आहे. संध्याकाळी गाडी रिव्हर्समध्ये बांधापर्यंत चढवायची, चाकाला दगड लावायचा, आणि पहाटे दगड काढला की उतारावर गडगडत सुरू व्हायची. पण मागं घेताना मला काही दिसायचं नाही. इंजिनचा आवाज एवढा, की हाकही ऐकू यायची नाही. मग पमा खाली उतरायची, मागं जाऊन फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. बावीस वर्षांत तिचा अंदाज चार बोटांनीसुद्धा चुकला नाही. मी डोळे मिटून मागं घेत होतो म्हणा ना.

मे महिन्यात ती गेली. ताप आला, सहा दिवस दवाखान्यात होती, सातव्या दिवशी मला एकट्याला घरी यावं लागलं. त्यावर जास्त बोलत नाही.

दिवसकार्य उरकलं आणि मी पुन्हा कामाला लागलो. घरात बसवत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी, सातच्या सुमारास असेल, परत आलो. उजेड उतरत होता. गाडी वळवली, रिव्हर्स टाकला, आणि सवयीनं थांबलो. थाप ऐकायला थांबलो हो. मग माझं मलाच कळलं आणि डोक्यातून कळ गेली. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

तेव्हा मागं फाळक्यावर वाजलं. थप, थप.

उतरून बघितलं. कुणी नाही. नाल्याचा वास आणि ओल्या पानांचा वास, बाकी काही नाही. फाळका ओला होता, पण तो पानांच्या पाण्यानं ओलाच असायचा. मी परत चढलो, गाडी थोडी मागं घेतली. पुन्हा दोन. अजून मागं. पुन्हा दोन. मग थापा बंद झाल्या, मी ब्रेक दाबला. बरोबर जागेवर.

भीती? छे हो. मी लहान पोरासारखा रडलो, पण आनंदानं. माझी पमा आली होती.

तेव्हापासून मी संध्याकाळची वाट बघायला लागलो. काम नसलं तरी गाडी बाहेर काढायचो, मैदानाला चक्कर मारून यायचो, ती फक्त मागं घेण्यासाठी. खिडकीतून मान मागं काढून तिच्याशी बोलायचो. आज भात करपला गं. आज मार्केटात सगळ्यांनी तुझी आठवण काढली. श्वेताचा फोन आला होता. ती उत्तर द्यायची. हो असेल तर दोन, नाही असेल तर एक. शेजारपाजारचे बघायचे. गुंडू दुकानदार तर एकदा म्हणाला, "अण्णा, यारहत्र माताडताय?" म्हणजे कुणाशी बोलताय. मी म्हटलं, तुझ्या दुकानातल्या उंदरांशी.

ऑगस्टच्या पावसात नाल्याची भिंत पडली. बांधाच्या पलीकडं सरळ पंधरा फूट खोल. पालिकेची माणसं आली, दोन काठ्यांना पट्टी बांधून गेली. श्वेता म्हणाली, "बाबा, गाडी तिथं लावू नका." मी म्हटलं, तुझी आई आहे ना मागं. तिनं फोन ठेवून दिला.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. दगड लावताना रोज दिसत होती. आधी चाक कडेपासून चार फुटांवर थांबायचं. मग तीनवर आलं. मग दोनवर. मी मनाला म्हटलं, पमाचा अंदाज आहे, मला काय कळतंय त्यातलं.

सप्टेंबर संपत आला. गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपलं, आता ते मिळणारही नव्हतं. सोमवारी भंगारवाला क्रेन घेऊन येणार असं श्वेतानं ठरवून टाकलं. शनिवारी संध्याकाळी ती स्वतः आली, हातात जेवणाचा डबा. "बाबा, आता आमच्याकडं चला. सिद्धी रोज विचारते." सिद्धी म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची. जयनगरात असतात ते.

मी म्हटलं, "तू आधी ऐक. तुझी आई धाकटीपाशी आहे. गाडी भंगारात गेली तर ती कुठं जाईल? एकदा ऐक, मग काय करायचं ते ठरव."

ती तिथं गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, त्या दिव्याच्या खांबापाशी. माझ्या अगदी समोर. दोन्ही हातांत डबा धरलेला. मी रिव्हर्स टाकला.

थप, थप.

श्वेताचा चेहरा मला समोरच्या काचेतून दिसत होता. तिनं ऐकलं होतं. मी ओरडलो, "ऐकलंस? ऐकलंस ना?" ती नुसती मान हलवत होती... नाही, नाही, अशी.

थप, थप. मी मागं घेत राहिलो. थप, थप. गाडीचं बूड जरा खाली बसल्यासारखं वाटलं. आता तुम्हाला खरं सांगतो, शुभंकर, पोरीलाही सांगितलेलं नाही. मला कळलं होतं. बावीस वर्षं त्या सीटवर बसलेला माणूस मी, मला कळलं की नेहमीची जागा मागं राहिली... आता कड आलीय. पण पमा बोलावत होती. मला वाटलं, बोलावतेय तर जाऊ. सोमवारनंतर तसंही काय उरणार होतं? थप, थप. मी ब्रेकवरचा पाय उचलला.

आणि एक थाप बसली. एकच. पण अशी, की डाव्या दाराची काच धाडकन खाली गेली आणि स्क्रूड्रायव्हर पोत्यावर पडला.

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागं माती सुटल्याचा आवाज झाला आणि खाली पाण्यात काहीतरी पडलं. हँडब्रेक ओढून मी उतरलो. मागचं उजवं चाक अर्धं हवेत होतं.

श्वेता धावत आली, मला मिठी मारून रडायला लागली. मी म्हटलं, "बरं झालं बाई तू थाप मारलीस."

ती म्हणाली, "बाबा... मी खांबापासून हलले पण नाही."

गाडीची घरघर चालूच होती. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. दोन-दोनच्या थापा फाळक्यावर पडत होत्या, मागून. ही एक मागून आली नव्हती. दाराच्या पत्र्यावर, आतून आली होती. डावीकडच्या सीटवरून. पमा जिथं पोत्यावर पाय ठेवून बसायची तिथून.

चार महिने, शुभंकर. चार महिने मी खिडकीतून मान बाहेर काढून मागं बोलत होतो. आणि ती माझ्या शेजारी बसून होती. एकदाही मी त्या बाजूला वळून बघितलं नाही. करपलेला भात, मार्केट, माझं रडणं, सगळं मी मागच्या त्या कुणाला तरी दिलं. तिनं सगळं ऐकलं असेल. काय वाटलं असेल हो तिला?

रविवारचा अख्खा दिवस मी गाडीत बसून काढला, डावीकडं तोंड करून. माफी मागितली. खूप बोललो. काही आवाज झाला नाही. सोमवारी क्रेन आली. मी सीटपुढच्या पोत्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडी जाऊ दिली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघत होतो. पमा तिच्याबरोबर गेली असणार, असं मी मानतो. धाकटीला एकटीला ती पाठवणार नाही.

मागचं जे होतं, ते गाडीबरोबर गेलं की नाही, मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला ती अट.

श्वेता रोज म्हणते, आमच्याकडं या. मला जायचं नाही असं नाही. घर खायला उठतं. पण मी जात नाही, आणि त्याचं कारण असं की तिथं माझ्यामागून काय येईल ते मला सांगता येत नाही. त्या चार महिन्यांत मी मागं बरंच काही बोलून बसलोय. एकदा विचारलं होतं, श्वेताकडं राहायला जाऊ का? एक थाप आली. मग सहज विचारलं, सिद्धीला एकदा घेऊन येऊ का? तेव्हा दोन थापा आल्या. मग परत दोन. मग परत. किती वेळ थांबेचनात. मला कौतुक वाटलं, नातीचा केवढा हा जिव्हाळा. मी म्हटलं, बरं बाई, खंडेनवमीला आणतो. गाडीची पूजा झाली की पोरीला मागं हौद्यात बसवून एक फेरी मारू.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. श्वेताला नाही, सिद्धीला तर नाहीच. आता गाडीही नाही, पूजाही नाही.

काल रात्री सिद्धीचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, खंडेनवमीला मला न्यायला येऊ नका. मी येईन. मला रस्ता सांगितलाय."