उजव्या हाताची खुर्ची

"चहा घेणार?" पोस्टमास्तरांनी दोनदा विचारलं. पाहुणा ढिम्म. ते टेबलाला वळसा घालून पलीकडून बोलले, तेव्हा कुठे तो दचकला.

"माफ करा. डावा कान लहानपणीच गेला."

हा कालपर्यंतचा प्रचारप्रमुख. काल चाळीस सेकंदांची चित्रफीत गावभर झाली होती. तीत तो म्हणत होता, "वस्तीला पाण्याची टाकी कागदावर दाखवायची. मतदान झालं की कोण विचारतंय?" संध्याकाळी त्याने राजीनामा दिला, पाठोपाठ त्याची मदतनीस असलेल्या भाचीनेही.

"मी बोललो, मी गेलो. पण पोरीचं काय चुकलं? छुपा कॅमेरा कुणाचा ते कळलं, तर तिला परत घेतील."

पोस्टमास्तरांची धाकटी बहीण खासगी तपास करी. तिने चित्रफीत तीनदा पाहिली. त्याच्या कानामागची पेन्सिल जवळून दिसत होती. खाली टेबलाची कड. चित्र हलकेच वरखाली होत होतं. मागच्या फलकावरची अक्षरं सरळ होती.

भावंडं पाहुण्याबरोबर प्रचार कार्यालयात गेली, तेव्हा फलक उतरवणं चालू होतं; चित्रफितीतल्या बैठकीला हजर असलेले तिघेही तिथेच होते.

"टाकी नाही म्हणजे माझं काम बुडालं, म्हणून मीच चोर?" कंत्राटदार उसळला. "अहो, मी खिडकीकडे, यांच्या डाव्या हाताला. ऐकतात कुठे माझं!"

"मुद्दाम बसवतो तिथे," प्रचारप्रमुख ओशाळून म्हणाला. "बडबड टळते."

छायाचित्रकार म्हणाला, "मी स्टुलावर चढून बॅनर बांधत होतो. माझा कॅमेरा, सगळ्यांचे फोन दाराशी डब्यात. साहेबांचाच नियम."

भाचीने मान वर केली नाही. "मी मामाच्या उजवीकडे टिपणं घेत होते. वस्तीत घरोघर मीच फिरले होते, टाकीचा शब्द द्यायला."

"कंत्राटदारच," पोस्टमास्तर पुटपुटले.

"नाही, दादा. पेन्सिल कुठल्या कानामागे आहे?"

त्यांनी पाहिलं. उजव्या.

"अक्षरं सरळ, म्हणजे चित्र उलटवलेलं नाही. कॅमेरा उजवीकडे होता. वरखाली होतो तो श्वासाबरोबर, म्हणजे भिंतीवर नाही, अंगावर होता. टेबलाच्या कडेच्या जरासाच वर, म्हणजे माणूस बसलेला. स्टुलावरून डोक्याचा माथा दिसला असता; खिडकीकडून दुसरा कान." ती थांबली. "उजवीकडे एकच खुर्ची आहे."

प्रचारप्रमुखाने पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "तू?"

भाचीने ओढणीची पिन सोडली. पिनेला शर्टाच्या बटणाएवढं काळं भिंग होतं.

"मला सांगायचं होतंस, बाळ."

"तीनदा सांगितलं, मामा. लोकांना फसवू नका म्हणून." तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "याच खुर्चीवरून."

त्याचा हात नकळत उजव्या कानाकडे गेला. त्या कानाने सगळं नीट ऐकू येत होतं.