चौदाव्या मीटरवर

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत गटारात सोडायचे कॅमेरे बनतात. कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर आणणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिते. त्या मंगळवारी सकाळी अकराला कांजूरमार्गला गेले, तेही साध्याच तक्रारीसाठी. एका जुन्या सोसायटीच्या लाइनमध्ये दर वेळी चौदाव्या मीटरवर चित्र जात होतं.

मॅनहोल उघडं होतं. आंबलेल्या तेलाचा आणि ओल्या केसांचा वास घशात बसत होता. ठेकेदाराचा मुकादम नितेश नाकाला रुमाल लावून उभा होता. शेजारी बाळा, चाळिशीचा कामगार, कमरेला दोर बांधून.

“हा दोर कशाला?” मी विचारलं.

“कॅमेरा चालला नाही तर माणूस उतरवायला लागणार ना, मॅडम. दुपारपर्यंत लाइन मोकळी पाहिजे,” नितेश म्हणाला.

बाळा नुसता गाठ चाचपत राहिला.

त्याने कॅमेरा आत सोडला. चौदा मीटरला स्क्रीन निळी झाली. प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला कॅमेरा एक खूण पाठवतो, तिला सिंक म्हणतात. ती हरवली की माझा ड्रायव्हर निळा पडदा टाकतो आणि वाट बघतो. मी तिथेच बसून कोडमधून तो पडदा काढून टाकला. येईल ते दाखव, असं ड्रायव्हरला सांगितलं.

आधी नुसत्या रेघा घसरत राहिल्या. मग चित्र स्थिर झालं. पांढरट, थिजलेली चरबी, तिच्यात गुंतलेले केस, आणि मधोमध एक करडी, सुरकुतलेली चीर. ती हलली... उघडली. आत ओलं, लालसर मांस होतं. स्क्रीन काळी झाली आणि बाळाच्या हातातली केबल आत जाऊ लागली, कुणी चोखत असावं तशी.

“ओढ... ओढ रे,” म्हणत नितेश धावला.

दोघांनी मिळून कॅमेरा बाहेर काढला. केबलवर बोटभर घाण, कॅमेरा मात्र लख्ख. कोमट. त्याच्यावरून चिकट लाळ लोंबत होती. ती माझ्या बोटांना लागली आणि मी तिथेच ओकले.

“मॅडम,” बाळा अगदी हळू म्हणाला, “हे कोणीतरी चाटलंय...”

नितेशने रुमाल पुन्हा नाकाला लावला. “उतरायला तर लागेल ना...”

“आत लाइन खचलीय,” मी म्हणाले. “तसा रिपोर्ट मी देते. कोणी उतरायचं नाही.”

बाळाने कमरेचा दोर सोडला आणि दोघांनी झाकण लावलं.

ऑफिसला आल्यावर तीनदा हात धुतले, तरी बोटं बुळबुळीतच वाटत होती. मग कॅमेरा खोलला. सील शाबूत होतं, मीच तोडलं. आत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता. पण व्हिडिओची तार चावून तोडलेली होती. तिच्यातून चित्र येणं शक्य नव्हतं, तरी ती चीर मी स्क्रीनवर पाहिली होती.

दोन्ही टोकांमध्ये बोटभर अंतर होतं. ती टोकं लाळेच्या एका बारीक धाग्याने जोडलेली होती. मी पंखा त्याच्यावर लावून ठेवला. संध्याकाळपर्यंत तो धागा सुकला नाही.